तेल इंजिन पिते, भांडवल आपले आटते



नवघर म्हटले की आज कोणाच्या डोळ्यांसमोर शेत येत नाही. भाईंदर स्टेशनाच्या पूर्वेला उतरावे, नवघर रस्त्याला लागावे, तर दोन्ही बाजूंना दुकाने आणि दुकानांच्या डोक्यावर इमारती. पण हे गाव होते. त्याची ग्रामपंचायत होती, भाताची खाचरे होती, खाडीच्या अंगाला मिठागरे होती. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली. खाचरे बुजली. बुजलेल्या खाचरांवर बागा झाल्या आणि बागेत हिरवळ लावली गेली. जिथे भात पिकत होता तिथे आता गवत वाढवतात आणि वाढले की कापतात. असो. आजचा विषय तो नाही.

आजचा विषय इंजिनाचा आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही नवघरच्या एका गल्लीतल्या गॅरेजात बसलो होतो. तिथला मिस्त्री लहान इंजिने दुरुस्त करतो. जनरेटर, पंप, फवारणीचे यंत्र, जे येईल ते. त्या दिवशी त्याच्यापुढे दोन इंजिने होती. एक होते एका मोठ्या गृहनिर्माण सोसायटीच्या गवत कापायच्या यंत्राचे. मोठ्या मैदानांवर असेच इंजिन चार चाकांवर बसवतात, वर बसून चालवतात आणि त्याला लॉन ट्रॅक्टर म्हणतात. दुसरा होता खाडीपलीकडून, वसईच्या बाजूने, टेम्पोत घालून आणलेला पॉवर टिलर. तो आपल्यातल्याच एका भाताच्या शेतकऱ्याचा. पहिले इंजिन पेट्रोलचे, वाऱ्याने थंड होणारे. दुसरे डिझेलचे, पाण्याने थंड होणारे. दोन्ही एका सिलिंडरची, दोन्ही म्हातारी आणि दोन्हींची तक्रार एकच, इंजिन तेल पिते.

मिस्त्रीने दोघांना एकच प्रश्न विचारला, ‘‘किती तासांत किती पितं?’’

सोसायटीच्या माळ्याने खिशातून वही काढली. यंत्र किती तास चालले, तेल कधी बदलले, वरून कितीदा आणि किती ओतले, सारे तारखेवार लिहिलेले. तेलाच्या प्रत्येक बाटलीचा हिशेब त्याला सेक्रेटरीला द्यावा लागतो, म्हणून तो लिहितो. आपला शेतकरी भाऊ म्हणाला, ‘‘जाम पितं.’’

मिस्त्री हसला नाही, पण आम्हाला लाज वाटली. वीस वर्षे शेतीमालाच्या उत्पादन खर्चावर बोलणारे आम्ही आणि आपल्याच इंजिनाच्या तेलाचा खर्च आम्हाला सांगता येत नाही. ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ म्हणतात ते याहून वेगळे काय?

म्हणून या अंकात आम्ही दोनच गोष्टी सांगणार आहोत. तेल पिणाऱ्या इंजिनाचे करायचे काय, ही पहिली. आणि त्या तेलाचा आपल्या हिशेबाशी संबंध काय, ही दुसरी.

आधी इंजिनाचे. चार फेऱ्यांच्या इंजिनातून तेल जायला मुख्य वाटा चारच. पहिली वाट गळतीची. शाफ्टच्या टोकाचे ऑइल सील कडक होते, पॅकिंग बसते, नटबोल्ट सैल होतात. रात्री इंजिनाखाली कोरा पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग कुठे पडला ते पाहा. पुठ्ठ्याला पैसे लागत नाहीत. दुसरी वाट ब्रीदरची. पिस्टन खालीवर होतो तेव्हा खालच्या खोलीतली हवा दाबली जाते. तो दाब बाहेर सोडायला ब्रीदर असतो. त्याची पट्टी चिकटली किंवा नळी घाणीने बुजली की दाब आत कोंडतो आणि मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतो. कित्येकदा नवे सील चार दिवसांत पुन्हा गळते आणि आपण सीलला शिव्या देतो. चूक असते ब्रीदरची. तिसरी वाट व्हॉल्व्हच्या गाईडची. गाईड झिजले की डोक्यातले तेल दांडीवरून सरपटत खाली उतरते. आणि चौथी वाट रिंगांची. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, कार्बनने जागेवर अडकल्या किंवा लायनर अंडाकृती झाला की तेल वर चढते आणि डिझेलबरोबर जळते.

या चार वाटांपैकी शेवटच्या वाटेला सगळ्यात जास्त पैसे लागतात आणि मिस्त्रीकडे गेलो की आपण पहिल्यांदा तीच धरतो. ‘‘इंजिन खोलून टाक’’ म्हणून मोकळे होतो. तसे करू नका. आधी धूर पाहा. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, बहुधा एअर फिल्टर चोंदला आहे, नोझल बिघडले आहे किंवा इंजिनावर झेपेल त्याहून जास्त ओझे आहे. पांढरा धूर तापल्यानंतरही थांबत नसेल तर डिझेल कच्चे जाते आहे किंवा पाणी आत शिरते आहे. निळा धूर सकाळी चालू करताना पहिला भपका येऊन थांबत असेल तर संशय गाईडवर घ्या. ओझे पडले की धूर वाढत असेल तर संशय रिंगांवर. आणि धूर मुळीच नसेल, तरी तेल कमी होत असेल, तर ते गळते आहे. पुठ्ठा घ्या.

आता मोजायचे कसे ते. यंत्र सपाट जागी उभे करा. इंजिन बंद करून पंधरा मिनिटे थांबा, म्हणजे वर उडालेले तेल खाली उतरेल. डिपस्टिक पुसा, मग बुडवून पाहा. काही इंजिनांत ती आटे फिरवून बसवायची असते आणि मोजताना मात्र नुसती टेकवायची असते. पुस्तिकेत ते लिहिलेले असते. वरच्या खुणेपर्यंत तेल भरा, खुणेच्या वर नको. मग दहा तास काम करा. पुन्हा तसेच थांबून, मापाच्या भांड्याने तेल ओतून वरच्या खुणेवर आणा. जेवढे ओतले तेवढे दहा तासांचे तेल. दहा तासांत डिझेल किती लागले तेही लिहा. असे तीनदा करा. एकदाच्या मापावर विश्वास ठेवू नका.

लहान डिझेल इंजिनाला जळणाऱ्या डिझेलच्या सुमारे एक टक्का तेल जाणे ही ढोबळ वेस समजा. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच धरा. टिलरला तासाला दीड लिटर डिझेल लागते असे समजू. दहा तासांचे पंधरा लिटर झाले, त्याचा एक टक्का म्हणजे दीडशे मिलिलिटर. एवढे किंवा याहून कमी तेल जात असेल, ओढ कमी झाली नसेल आणि सकाळी इंजिन सहज चालू होत असेल, तर इंजिन खोलू नका. म्हाताऱ्या माणसाला दोन वेळा चहा लागतो तसे याला थोडे तेल लागते. रोज पाहा, रोज घाला. पण हेच माप पाचशे मिलिलिटरवर गेले, दर महिन्याला वाढत गेले आणि ओढही कमी झाली, तर मग कानावर हात ठेवू नका.

एक धोका मात्र तेल कमी होण्यापेक्षा मोठा आहे. तो म्हणजे तेल वाढणे. डिपस्टिकवर पातळी आपोआप चढली, तेल पातळ झाले आणि त्याला डिझेलचा वास येऊ लागला, तर डिझेल तेलात उतरते आहे. तेल दुधाळ झाले तर पाणी शिरले आहे. अशा वेळी ‘‘बरे झाले, तेल कमी होत नाही’’ म्हणून आनंद मानणाऱ्याचे इंजिन बेअरिंगसकट जाते. ताबडतोब बंद करा.

काय करू नये तेही सांगतो, कारण आपल्यात हे उद्योग सर्रास चालतात. ट्रकमधून काढलेले काळे तेल ‘‘कसे तरी जळणारच आहे’’ म्हणून टिलरमध्ये ओतू नका. त्यात काजळी, आम्ल आणि धातूचा कीस असतो. जे तेल जळून जाते त्याबरोबर जे इंजिनात राहते तेही तेच असते आणि ते उरलेल्या भागांना घासते. गिअरचे जाड तेल इंजिनात घालू नका. पुस्तिका परवानगी देत असेल तर ३० ऐवजी ४० नंबरचे तेल वापरल्याने थोडा फरक पडतो, पण झिजलेले लोखंड तेलाने भरून येत नाही. बाटलीतल्या जादूच्या औषधानेही येत नाही. एअर फिल्टरच्या वाटीत खुणेपेक्षा जास्त तेल भरू नका. ते इंजिन ओढून घेते, निळा धूर येतो आणि रिंगा नाहक बदलल्या जातात. आणि काढलेले जुने तेल बांधावर, नाल्यात, खाडीत ओतू नका. डब्यात साठवा आणि जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाला द्या. खाडीच्या पाण्यावर मासेमारी करणारी माणसे आपलीच आहेत.

इंजिन खोलायची वेळ आलीच तर नव्या रिंगा घालण्याआधी मिस्त्रीला सांगा, बोअर मापून दाखव. वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. अंडाकृती झालेल्या लायनरमध्ये नव्या रिंगा घालणे म्हणजे फुटक्या रांजणाला नवे झाकण. महिनाभर बरे वाटते, मग पहिले पाढे पंचावन्न. माप हद्दीत असेल तर होनिंग करून रिंगा पुरतात. नसेल तर लायनर-पिस्टनचा जोड किंवा लेथवाल्याकडून बोअर वाढवून मोठा पिस्टन. गाईड त्याच वेळी पाहून घ्या, कारण डोके पुन्हा उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. आणि काम झाल्यावर इंजिन दिवसभर रिकामे फिरवत ठेवू नका. रिंगा बसायला बेताचे ओझे लागते. नुसते फिरवले तर लायनर गुळगुळीत काचेसारखा होतो आणि नवे इंजिनही तेल पिऊ लागते. पहिले तेल पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनी बदलून टाका.

इतके सगळे होते कशाने? बहुतेक वेळा धुळीने. चिखलणीत धूळ नसते म्हणून आपण फिल्टर विसरतो आणि तेच इंजिन पुढे मळणीला, कोरड्या नांगरटीला लावतो. चिमूटभर धूळ आत गेली की ती तेलात मिसळून पॉलिश पेपरासारखी घासत राहते. त्यात आपला कोकणपट्टीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा दमटपणा. काम संपल्यावर जुन्या तेलासकट इंजिन पडवीत उभे केले की आतल्या आत गंज धरतो. काम संपले की तेल बदलून, फिल्टर धुऊन मगच ठेवावे. सोसायटीचा माळी हे करतो. त्याला ते कोणी शिकवले? वहीने.

आता दुसरी गोष्ट. ती पहिलीपेक्षा महत्त्वाची.

तो माळी वही का ठेवतो? सोसायटीला हिशेब द्यावा लागतो म्हणून. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत लिहिलेले आहे की सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का रक्कम सिंकिंग फंडात घालावी आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती-देखभालीच्या निधीत. इमारत आज उभी आहे, पण ती रोज थोडी झिजते आहे, हे त्यांनी मान्य केले आहे. झिजेचे पैसे ते दर महिन्याला बाजूला काढतात. ज्या जमिनीवर कालपर्यंत आपण भात पिकवत होतो त्याच जमिनीवर राहणारी माणसे हे करतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीत राबलो, पण नांगर झिजला, मोट झिजली, बैल म्हातारा झाला, त्याचा पैसा कधी बाजूला काढला नाही. बैल मेला की सावकार. इंजिन बसले की सोसायटीचे कर्ज.

कोणी म्हणेल, भावच मिळत नाही तर बाजूला काढायचे कुठून? प्रश्न बरोबर आहे आणि तो आम्ही सोडणार नाही. कृषिमूल्य आयोग १९६५ साली स्थापन झाला. त्याच्या हिशेबात अवजारांचा घसारा खर्चाच्या पहिल्याच पायरीत, ‘ए-१’ मध्ये, धरलेला आहे. पण स्वतःच्या यंत्रात अडकलेल्या भांडवलावरचे व्याज तिथे नाही. ते वरच्या पायरीत, ‘सी-२’ मध्ये धरतात. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली, ती ‘ए-२’ अधिक घरच्या माणसांची मजुरी एवढ्यावर मोजली गेली. म्हणजे टिलर घ्यायला तुम्ही स्वतःचे जे पैसे घातले त्यांचे व्याज त्या दीडपटीच्या बाहेर राहिले. हे भांडण खरे आहे.

पण या भांडणाला जाताना आपल्या हातात काय असते? सरकारच्या तक्त्यात घसारा धरलेला आहे. धरलेला नाही तो आपल्याच घरात. आणि हे कोणत्या सरकारने केले नाही, आपणच केले. भाड्याचा दर पाहा. टिलरवाला शेजाऱ्याची चिखलणी तासावर करून देतो. दर ठरवताना तो डिझेल धरतो, चालवणाऱ्याची मजुरी धरतो आणि वर हाताला लागेल ते. समजण्यापुरते सोपे आकडे घेऊ. यंत्र दोन लाखांचे, आयुष्य पाच हजार तास. तासाला चाळीस रुपये झीज. दोन हजार तासांनी वीस हजारांचे इंजिनकाम. तासाला आणखी दहा. डिझेल-मजुरी वजा जाता त्याच्या हातात तासाला तीसच रुपये उरत असतील तर तो कमावत नाही. तो तासाला वीस रुपये आपल्या यंत्राचे मांस कापून शेजाऱ्याला वाढतो आहे. तीनशे तासांच्या एका हंगामात सहा हजार. आणि संध्याकाळी नोटा मोजून म्हणतो, आज धंदा बरा झाला.

ही चूक त्या एकट्याची नाही. तो पन्नास मागायला गेला तर शेजारचा दुसरा टिलरवाला तीसमध्ये करून द्यायला उभाच असतो. त्याचेही इंजिन तेल पीत असते. दोघेही आपापले भांडवल जाळण्याची शर्यत लावतात आणि दोघांचाही धूर निळाच असतो.

त्या शेतकरी भावाच्या टिलरचे पुढे काय झाले? मिस्त्रीने आधी ब्रीदर उघडला. तो बुजलेला होता. साफ केल्यावर गळती थांबली, पण निळा धूर राहिला. बोअर मापला, तर हद्दीबाहेर. जोड बदलायला हवा होता. पैसे नव्हते. रोपे वाफ्यात वाढत होती. रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले की लावणी लागते, ते इंजिनासाठी थांबत नाही. तेल ओतत ओतत त्याने घरची चिखलणी उरकली आणि गावातली भाड्याची कामे सोडून दिली. ज्या पंधरा-वीस दिवसांत टिलर वर्षाचे पैसे मिळवतो ते दिवस तो मिळवू शकला नाही. तेलाच्या डब्याची किंमत त्यापुढे काहीच नव्हती. दोन वर्षे वही असती, तासाला दहा रुपये बाजूला असते, तर मेमध्येच काम झाले असते.

म्हणून या जिल्हा बैठकीला आम्ही घोषणा मागत नाही, वही मागतो आहोत. ज्यांच्याकडे टिलर, पंप, छोटा ट्रॅक्टर, कोणतेही इंजिन आहे, त्यांनी तीन रकाने आखावेत : तास, डिझेल, तेल. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. त्यावरून दोन कामे करता येतील. एक, प्रत्येक तालुक्यात बोअर मापायचे एक साधन वर्गणीतून घ्यायचे, म्हणजे खोललेल्या इंजिनाला रिंगा पुरतात की लायनर बदलायचा हे अंदाजाने ठरणार नाही. दोन, झीज धरून भाड्याचा किमान दर गावातल्या सगळ्या टिलरवाल्यांनी आणि काम करून घेणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचा. काम करून घेणाराही शेतकरीच आहे, त्याला हा दर जड जाईल. पण तो दर त्याच्याही उत्पादन खर्चात लिहिला जाईल. आज तो कुठेच लिहिला जात नाही. तो टिलरवाल्याच्या इंजिनातून धूर होऊन जातो.

भाव मागायचा तर खर्च दाखवावा लागतो आणि खर्च दाखवायचा तर तो आधी आपल्याला ठाऊक असावा लागतो. ‘जाम पितं’ हा आकडा नव्हे. पुढच्या वेळी मिस्त्रीने विचारले, किती तासांत किती, तर आपल्यातल्या प्रत्येकाने खिशात हात घालावा आणि वही काढावी. एवढे झाले तरी या बैठकीचा चहा फुकट गेला नाही असे आम्ही समजू.